पांदणीचे आकडे

माणसानं परदेशात जरूर जावं, पण तिथं जास्त बोलू नये. मी बोललो.

त्याचं असं झालं. आमची लेक सृष्टी नेदरलँड्समधल्या झ्वोले नावाच्या गावी नोकरीला आहे आणि वीम नावाच्या गृहस्थांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. गेल्या उन्हाळ्यात मी आणि आमच्या सौभाग्यवती सगुणाबाई महिनाभर तिच्याकडे राहून आलो. मी परभणीत भूगोल शिकवून निवृत्त झालेला मास्तर. 'समुद्र हटवून मिळवलेली जमीन' हे वाक्य मी इतक्या पोरांकडून घोकून घेतलंय की त्यातली निम्मी आज प्लॉटिंगच्या धंद्यात आहेत. पण त्या देशात जाऊन आपण कधी सायकल चालवू असं काही वाटलं नव्हतं.

वीम सत्तरीचा. त्याला अरे-तुरे लिहिताना माझा हात अडखळतो, पण पहिल्याच दिवशी त्यानं मला 'साहेब' म्हणायची बंदी केली. तो पाणीखात्यातून निवृत्त झालेला. आपल्याकडे पाणीखातं पाणी आणतं, निदान आणणार असं म्हणतं. त्यांच्याकडे ते शेतातलं पाणी बाहेर काढून टाकतं. हे ऐकून मला रात्रभर झोप आली नाही. त्याची बायको तिनेके. ही दोघं आम्हाला रोज सकाळी सायकलवर बसवून गावाबाहेर काढायची.

नदीच्या बंधाऱ्यावरून तांबूस रंगाची सायकलवाट. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला नदीपेक्षाही खाली पसरलेली गवताची रानं आणि त्यात कुणाशीही देणं-घेणं नसलेल्या गाई. मध्येच सायकली कुंपणाला टेकवायच्या, तास-दीड तास पायी हिंडायचं, बाकावर बसून डबा खायचा. सगुणानं माहेरी पालमला परकर खोचून सायकल चालवलेली होती. ती तिनेकेबरोबर पुढं निघून जायची आणि भाषा येत नसताना दोघी सारख्या हसायच्या. मी आणि वीम मागून. मी इतका सुखी फार क्वचित झालो असेन. वारा तेवढा कायम समोरून असायचा.

पण माझं खरं मन बसलं ते तिथल्या आकड्यांवर. जिथं जिथं दोन वाटा मिळतात तिथं खांबावर हिरव्या-पांढऱ्या रंगात एक आकडा. घरून निघताना चिठ्ठीवर चार-सहा आकडे लिहून घ्यायचे आणि एकामागून एक गाठत जायचं. कुणाला पत्ता विचारायला नको, आणि 'सरळ जा, पुढं एक वडाचं झाड होतं, तिथून उजवीकडं वळा' असलं उत्तर ऐकायला नको.

एकदा बाकावर बसल्या बसल्या वीमनं सहज विचारलं की तुमच्याकडे खेड्यांतून अशी सायकलवाट आहे का. खरं उत्तर एका शब्दाचं होतं. पण त्याच्या आवाजात मला किंचित दया जाणवली. आता ती होती की मला वाटली, देव जाणे. माझ्यातला परभणीकर उठून बसला.

"आहे ना," मी म्हणालो. "आकड्यांसकट."

सगुणा माझ्याकडे नुसतं पाहत राहिली. ती अशी पाहते तेव्हा मी चष्मा पुसतो. मी चष्मा पुसला आणि विषय तिथंच संपला, असं मला वाटलं.

दिवाळीत सृष्टीचा फोन आला. वीम आणि तिनेके जानेवारीत भारतात यायचे होते, घडीच्या सायकली विमानात घालून. दिल्ली नाही, आग्रा नाही. पहिला मुक्काम परभणी, कारण बाबांची सायकलवाट. "बाबा, ही माणसं खोटं बोलत नाहीत, म्हणून समोरचा बोलतोय हेही त्यांना कळत नाही," सृष्टी म्हणाली. "वीमनं सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय. मला त्यांच्याच घरात राहायचंय." थोडक्यात, माझा शब्द, पोरीची मान आणि परभणी जिल्ह्याची अब्रू अशा तिन्ही गोष्टी एका नसलेल्या वाटेवर येऊन उभ्या राहिल्या होत्या. मग वाट असायलाच हवी होती.

ताडकळसच्या अलीकडे आमचं गाव. तिथं आमच्या वाटणीचं थोडं रान चुलतभाऊ व्यंकटराव कसतो. त्या रानाभोवतून एक पांदण जाते, म्हणजे दोन्हीकडच्या शेतांमधून जाणारी जुनी गाडीवाट. फिरून ती परत गावातच येते. ज्वारी, हरभरा, मध्ये एक ओढा. सायकलीला याहून काय पाहिजे. अडचण एवढीच की दोन्हीकडच्या मालकांनी दरवर्षी नांगरताना एकेक तास, म्हणजे नांगराची एकेक ओळ, आत घेत घेत पांदण अशी आवळत आणली होती की शेळीसुद्धा त्यातून अंग चोरून जायची.

आमच्या खालच्या मजल्यावर माणिकराव राहतात. सल्ला देणं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. ते म्हणाले, "सर, परवानगी घ्या. आपल्याकडं बिना परवानगी खड्डा करता येतो, बुजवता येत न्हाई." मी गेलो. एका कार्यालयात सांगितलं, डांबर पडल्यावर या. दुसऱ्यात विचारलं, आकडे कशाचे? सायकलवाटेचे. वाट कुठाय? पांदण आहे. मग सायकलवाट कशी? तिसऱ्या ठिकाणी मात्र एका भल्या माणसानं नकाशा उलगडून त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, नकाशात हाय ना सर, मंग हाय, तुमी कशाला काळजी करायलाव. त्यानं वर चहाही पाजला. मी तीच परवानगी समजलो.

पाट्या करायला योगीराजच्या रेडियमच्या दुकानात गेलो. गाड्यांच्या नंबरपाट्या करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. मी त्याला हिरवा गोल, आत पांढरा आकडा, बस, असं सांगितलं. त्यानं विचारलं, फोटो कुणाचा? मी म्हणालो, कुणाचाच नाही. खाली शुभेच्छुक कोण? कुणीच नाही. योगीराजनं हातातली कात्री खाली ठेवली. बिनफोटोची पाटी आपल्या मुलखात टिकत नाही, लोकांना ती कुणाची हेच कळत नाही, असं त्यानं मला परोपरीनं समजावलं. निदान तुमचा तरी फोटो टाका म्हणाला. मी ठाम राहिलो. आज मला वाटतं, टाकायला हवा होता.

पाट्या रोवायला मी हॉलंडहून आणलेलं चमकतं पिवळं जाकीट आणि डोक्यावर हेल्मेट घालून गेलो, कारण काम करताना काम केल्यासारखं दिसावं असं मला तिथं शिकायला मिळालं होतं. हातात मोजपट्टी. व्यंकटराव मोटारसायकलवर बसून देखरेख करत होता. तिसरी पाटी रोवताना चतुराबाई आल्या. या नात्यानं माझ्या चुलत्या. वय ऐंशीच्या घरात, आवाज चाळिशीतला. पांदणीच्या दोन्ही बाजूंना त्यांचं रान आहे आणि मधली पांदणही हळूहळू त्यांचीच होत आली होती.

"काय रोवायलास रे बाबा?"

"सायकलवाटेचे आकडे, काकू."

"वाट कुठं जायलीय?"

"कुठंच नाही. फिरून परत इथंच येते."

"हितंच यायचं तर जायचं कशाला?"

मी त्यांना निसर्ग, व्यायाम, मनाचा निवांतपणा असं बरंच काही सांगितलं. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं, जाकिटाची बाही चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाल्या, "सांगायचं नसलं तर नको सांगू. तुला वरून मनाई आसंल."

दोन दिवसांनी व्यंकटरावचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज दबका होता. तो मला विचारत होता की रिंगरोड नक्की केवढा रुंद आहे. कुठला रिंगरोड म्हणालो तर तो समजूतदारपणे हसला. गावानं पारावर बसून सगळा हिशोब लावला होता. फोटो नाही, शुभेच्छुक नाही, म्हणजे पाटी सरकारचीच. पिवळं जाकीट, मोजपट्टी, म्हणजे मोजणी. आणि जी वाट कुठंच जात नाही, फिरून तिथंच येते, तिला रिंगरोड नाही तर काय म्हणायचं? मी वर्गात पोरांना तर्कानं विचार करा म्हणून सांगत आलो होतो. त्यात माझ्या गावची पोरं नव्हती, एवढंच समाधान.

मी तातडीनं एसटी धरून गाव गाठलं. पांदण ओळखू येईना. जमीन रस्त्यात गेली की सरकार मावेजा देतं, आणि नुसत्या रानापेक्षा झाड, विहीर, शेड यांचा मावेजा वेगळा मिळतो, हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही ठाऊक असतं. हरभऱ्यात आंब्याची कलमं लागली होती. ज्वारीच्या मधोमध एक पत्र्याचं शेड उभं होतं आणि त्यात काहीच नव्हतं म्हणून एक पाहुणी शेळी बांधली होती. एकानं विहीर म्हणून पुरुषभर खड्डा खणून त्याला काठावर रहाटही बसवला होता. मात्र एक गोष्ट झाली होती, जी तिन्ही कार्यालयांच्या हातून झाली नसती. मोजणीची जीप आत आली पाहिजे म्हणून सगळ्यांनी पांदण आपण होऊन मोकळी केली होती. चतुराबाईंनी तर दोन्ही अंगांनी रान मागं घेऊन वर पाणी शिंपडलं होतं.

आणि आकडे हलले होते. ज्यांचं रान वाटेवर नव्हतं त्यांनी रात्रीतून पाट्या उपटून आपल्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, नेल्या होत्या. काहींना चोरी पटली नाही, त्यांनी योगीराजकडून नव्या करून आणल्या. सहाचे तीन आकडे झाले होते. व्यंकटराव सकाळी 'रिंगरोड हटाव कृती समिती'चा अध्यक्ष म्हणून मंडप घालून बसायचा आणि दुपारी मंडपामागं स्वतःची कलमं लावायचा. यात विसंगती आहे असं मी म्हणालो. तो म्हणाला, "दादा, इरोध केल्याबिगर मावेजा वाढतो का?"

मी मारुतीच्या पारावर उभं राहून मोठ्यानं सगळं खरं सांगितलं. रस्ता नाही, मावेजा नाही, दोन पाहुणे सायकलवर फिरणार आहेत, ते गेले की सगळं संपलं. लोकांनी शांतपणे ऐकलं. मागून कुणीतरी म्हणालं, गुरुजी लय पक्के हायत, जीव गेला तर सांगायचे न्हाईत. सगळ्यांनी माझ्या सचोटीचं कौतुक केलं आणि मी परत निघालो तेव्हा मला मेथी, हरभऱ्याचे डहाळे आणि एक भोपळा दिला. प्रत्येकाची विनंती एकच, आमच्या रानातून जरा वळवून घ्या. पुढं महिनाभर माझ्या घरी भाजी विकत आणावी लागली नाही. सगुणा म्हणाली की तुमच्या खोट्यापेक्षा खऱ्याला भाव बरा आला.

जानेवारीत हैदराबादहून रेल्वेनं वीम आणि तिनेके उतरले. दोघं उंच, दोघांच्या अंगात माझ्यासारखीच पिवळी जाकिटं. वीमच्या सायकलीवर अंतर मोजायचं यंत्र. गावात शिरताच बातमी पुढं पळाली की गुरुजींची कंपनी आली. सगुणानं भाचीची सायकल घेतली होती, मी माझी जुनी. वीमनं चिठ्ठीवर एक ते नऊ आकडे सुबक लिहून हँडलला अडकवले आणि आम्ही निघालो.

एक आकडा लागला. मग सहा लागला. मग थोडं पुढं परत सहा. मग तीन, तो पत्र्याच्या शेडवर ठोकलेला. वीमनं चिठ्ठी पाहिली, पाटी पाहिली, परत चिठ्ठी पाहिली. तुमचे आकडे ओळीनं नसतात का, असं त्यानं अतिशय सभ्यपणे विचारलं. ज्याला जो हवा तो आहे, मी म्हणालो. हे तर शंभर टक्के खरं होतं.

ओढ्यापलीकडच्या वळणावर कृती समितीचा मंडप होता. आम्हाला उतरवलं गेलं. आधी हार घातले, मग काळ्या फिती दाखवल्या, मग चहा आला. व्यंकटराव पुढं झाला. चतुराबाई मंडपाच्या मध्यभागी बसल्या होत्या. मला मध्ये उभं करून दुभाष्याचं काम दिलं गेलं, आणि अपमान झाला तर कुठल्या भाषेत समजून घ्यायचा याची मी मनाशी तयारी केली.

व्यंकटरावनं विचारलं, वाट केवढी रुंद. वीमला हा प्रश्न आवडला. तो म्हणाला, दोन सायकली शेजारून जातील एवढी, म्हणजे सहा-सात फूट. मंडपात कुजबुज झाली. सहा-सात फुटांत कुणाचा आंबा येणार? मग चतुराबाईंनी हात वर केला आणि सगळे गप्प झाले.

"तुमच्या देशात वाट केली तवा जमीन कुणाची घेतली, इचार त्यायला."

मी विचारलं. वीम म्हणाला, पुष्कळशी समुद्राची.

मी भाषांतर केलं. चतुराबाईंनी डोळे बारीक केले. "समुद्राला मावेजा दिला का?"

हा प्रश्न इंग्रजीत करताना मला घाम फुटला. पण वीम हसला नाही. त्याला आयुष्यात कुणी हा प्रश्न विचारला नसावा. तो म्हणाला, एकदाच देऊन भागलं नाही. समुद्र दरवर्षी येऊन बंधाऱ्याला धडका देतो, थोडं थोडं परत मागतो. आम्ही दरवर्षी बंधारा नीट करतो. हे काही संपायचं नाही.

चतुराबाईंनी मांडीवर हात आपटला. "भावकीच हाय की मंग. धुऱ्यावरचा भाऊबंद असाच आस्तो, नांगर घिऊन येतो अन् तासभर आत सरकतो." सगळा मंडप एकदम वीमकडे नात्यातल्या माणसासारखा बघू लागला. "हा माणूस खरा दिसतोय," त्या म्हणाल्या. "ह्यालाच इचार, कशाला आला."

वीम म्हणाला, सायकल चालवायला. बाकी काही कारण नाही. तुमच्या या मित्रानं इथं छान वाट आहे असा शब्द दिला होता.

मी जे पारावर घसा फोडून सांगितलं होतं तेच त्यानं खुर्चीत बसून हळू सांगितलं, आणि ते एका क्षणात सगळ्यांना पटलं. लोक आपापल्या कलमांकडे बघायला लागले. ज्यानं विहीर खणली होती तो खाली बसला.

"दादा, मंग हे तुमी आदी सांगायचं न्हाई का?" व्यंकटराव म्हणाला.

"पारावर उभं राहून सांगितलं की रे."

"तुमी सांगितलं, पर तुमी परभणीचे. हे इतक्या लांबून खोटं बोलाया कशाला येतील?"

माझ्या निवृत्त प्रतिष्ठेला इतका मोठा तडा आजवर गेला नव्हता. त्यात वीमनं मला विचारलं की हे लोक असे का बसलेत, काय झालं. आता आकडे उपटले जाणार, पांदण परत नांगरली जाणार, पाहुणे अर्ध्यातून माघारी आणि सृष्टीनं त्या घराचा जिना कुठल्या तोंडानं चढायचा, हे सगळं मला एकदम दिसलं.

तेव्हा सगुणा पुढं झाली. तिचं इंग्रजी महिनाभराचं, पण तिला वेळ कळते.

"नो रोड, वीम," ती म्हणाली. "हजबंड टॉक. देन मेक."

वीमनं माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा काढला. तो तिनेकेला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाला आणि ती इतकी हसली की मंडपातल्या बायकाही विनाकारण हसायला लागल्या. मग तो मला म्हणाला की आमची जमीनही अशीच आहे. आधी कुणीतरी आहे म्हणालं, मग बाकीच्यांना करावी लागली. माझा खांदा त्यानं जरा जोरातच थोपटला. मला भर मंडपात डोळे पुसावे लागले, आणि त्याचं मला काही वाटलं नाही.

पण न्याय व्हायचा राहिला होता, आणि आमच्या भावकीत तो चतुराबाई करतात. ह्यानं पाव्हण्याला शब्द दिलाय, त्या म्हणाल्या, तवा वाट पुरी फिरवायची, पाव्हणे हायत तवर पांदणीला कुणी नांगर लावायचा न्हाई. लोकांनी माना डोलावल्या. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"अन् ही झाडं लावली त्यायचं काय? आकडे तू रोवले, त्यापायी आंबे लागले. आता वाळवायचे का? फिरायचंच हाय म्हणतूस, तर रिकामं कशाला फिरतूस? पाणी घालीत फीर."

व्यंकटरावनं तिथल्या तिथं प्लास्टिकचे चार कॅन आणले. कृती समितीनं ते चतुराबाईंच्या विहिरीवर भरून दिले. सगुणानं एक घेतला, तिनेकेनं एक घेतला. मी माझा हँडलला अडकवला आणि पहिल्याच वळणावर हरभऱ्यात पडलो, तेव्हा कृती समितीनं मला उचलून पुन्हा वाटेला लावलं. मागून अख्खा मंडप निघाला, कुणी पायी, कुणी मोटारसायकलवर, शेळीसुद्धा सुटून आली. तिसऱ्या सहाला वळसा घालून आम्ही सगळी पांदण फिरलो. असली सहल झ्वोलेच्या बंधाऱ्यावर कुणी काढली नसेल.

सगळ्यात खूश होता तो वीम. या माणसानं जन्मभर शेतातलं पाणी बाहेर काढलं होतं. आत घालायला त्याला पहिल्यांदाच कुणी सांगत होतं. आमच्या काळ्या मातीला जानेवारीत बोटभर भेगा असतात. कॅन ओतला की पाणी त्यात गुडूप होतं. ते कुठं जातं ते बघायला तो प्रत्येक कलमापाशी गुडघ्यावर बसायचा आणि आणखी ओतायचा, आणखी ओतायचा. शेवटच्या कलमाच्या आळ्याचं तळं झालं, तरी त्याचा हात थांबेना.

धुऱ्यावर उभ्या असलेल्या चतुराबाईंना ते बघवेना. त्यांनी मला हाक मारली.

"त्या पाव्हण्याला म्हणावं, हळू वत. आंबा हाय तो, समुद्र न्हाई."